व्हरांड्यातली पांढरी रेघ

सेंद्रिय मालावर हिरव्या पानाचा शिक्का असतो ना, तो काही आकाशातून पडत नाही. कुणालातरी त्या बागेत जाऊन माती चिमटीत धरून बघावी लागते, कोठीत नाक खुपसावं लागतं, खताचा खड्डा काठीने ढवळावा लागतो आणि मग ‘इथे विषाचा कणही नाही’ असं सहीनिशी लिहून द्यावं लागतं. असं लिहून देणाऱ्यांपैकी एक म्हणजे आमचे भिंगसाहेब. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच. पान दिसलं की काढ भिंग, भिंत दिसली की काढ भिंग, म्हणून कचेरीने त्यांचं नाव भिंग ठेवलं आणि त्यांनीही ते मुकाट्याने घेतलं. वय चौपन्न, नोकरी बावीस वर्षं, आणि या बावीस वर्षांत माणसाने कामावर असताना कुणाकडचा घोटभर चहा घेतलेला नाही.

आता तुम्ही म्हणाल, चहाने काय घोडं मारलंय? तर नियम. तपासनिसाने जिथे तपासायचं तिथलं काही तोंडात घालायचं नाही, पिशवीत घालायचं नाही, अंगाला लावायचं नाही. बाकीचे तपासनीस हा नियम खुंटीला टांगूनच घराबाहेर पडत. संध्याकाळी परतताना त्यांच्या पिशव्या टम्म फुगलेल्या असायच्या. पेरू काय, मध काय, बायकोसाठी गुलाबपाणी काय! भिंगसाहेब मात्र स्वतःची पाण्याची बाटली आणि डब्यात उकडलेले बटाटे घेऊन जायचे, आणि ते बटाटेही बागेत बसून खायचे नाहीत. बाहेर बसथांब्यावर येऊन उभ्याउभ्या खायचे. उगाच कुणाला वाटायला नको की बटाटे इथलेच.

बरं, हे कामापुरतं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण जित्याची खोड ती! घरीही तेच. दोन खोल्यांच्या त्या घरात फरशीला व्हिनेगर, भांड्यांना राख, कपड्यांना रिठे आणि दातांना मीठ. साबणाची वडी शोधायची म्हटली तर पोलीस बोलवावे लागले असते. लग्न झालं तेव्हा बायकोला सुगंधी पावडरीची हौस होती. तिने डबा आणला की हे तो उलटा करून मागची बारीक अक्षरं भिंगातून मोठ्याने वाचून दाखवायचे. एकदा नाही, दर डब्याची. बिचारीने अकरा वर्षं काढली. जाताना भांडलीसुद्धा नाही. एवढंच म्हणाली, “अहो, या घरात कशालाच वास नाही.” भिंगसाहेबांना आधी ते कौतुकच वाटलं. तिची ट्रंक जिन्यावरून खाली गेली, रिक्षाचा आवाज लांब गेला, तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला.

त्यांना नुसतं खडूस म्हणून मोकळं होऊ नका मात्र. त्यांची आई एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुवायची. ब्लीचच्या पाण्यात रोज आठ तास हात. रात्री मुलाच्या डोक्यावरून हात फिरवायची तर तिच्या बोटांच्या भेगांत त्याचे केस अडकायचे. शेवटी शेवटी तिला बटणसुद्धा लावता येईना. कुणी कधी त्या ब्लीचच्या बरणीवरची अक्षरं तिला वाचून दाखवली नव्हती, आणि तिला वाचता येत नव्हतं. तेव्हा आपण वाचायचं, सगळ्यांसाठी वाचायचं, हे या माणसाने लहानपणीच ठरवून टाकलं. ठरवलं ते चांगलंच होतं हो. फक्त थांबायचं कुठे ते ठरवायचं राहून गेलं.

बहीण एक होती, त्याच शहरात, दोन बस बदलल्या की तिचं घर. भाचीच्या पाचव्या वाढदिवसाला भिंगसाहेब गेले. गुलाबी केक आला, मेणबत्त्या विझल्या, टाळ्या झाल्या. आणि मामांनी सगळ्या पोराटोरांना समजावून सांगितलं की हा गुलाबी रंग किडे वाळवून, कुटून करतात किंवा डांबरातून काढतात. दोन पोरं रडली, एक ओकलं. बहीण स्वयंपाकघरात नेऊन म्हणाली, “दादा, एक दिवस! एक दिवस तुला गप्प बसवत नव्हतं?” त्यानंतर बहिणीकडची बोलावणी यायची, नाही असं नाही, पण कार्यक्रम उरकल्यावर. “अरे, काल तुला कळवायचं राहूनच गेलं बघ!” हेही तीन-चार वर्षं चाललं, मग तेही थांबलं. आता फोन वाजला तर कचेरीचा, दार वाजलं तर शेजाऱ्याचं.

असा हा एकटा जीव. आणि या एकट्या जीवाच्या वर्षातला एक दिवस चांगला जायचा, तो सत्तावीस नंबरचा.

कचेरीत बागांना नावं नसत, नंबर असत. सत्तावीस नंबर म्हणजे शहराबाहेर, बसच्या शेवटच्या थांब्यापासून पंधरा मिनिटं चालत, एका म्हाताऱ्या बाईंची बाग. अर्धा बिघासुद्धा नसेल. गुलाब, पुदिना, कोरफड आणि कुंपणाच्या कडेने गवती चहा. बाई गुलाबाच्या पाकळ्या सकाळी ऊन चढायच्या आत तोडायच्या, व्हरांड्यातल्या लांब टेबलावर एकेक निवडायच्या, माळ्यावर जाळीच्या चौकटींवर सावलीत वाळवायच्या. चेहऱ्याला लावायची मलमं आणि तेलं करणारा एक छोटा कारखाना तो माल उचलायचा, पण शिक्का असेल तरच. बाईंचं वय चौऱ्याहत्तर, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा लांबच्या शहरात.

नऊ वर्षं भिंगसाहेब ही बाग तपासत होते. त्या दिवशी दुसरी कुठलीच बाग ठेवायचे नाहीत. का, असं कुणी विचारलं असतं तर म्हणाले असते, “लांब पडतं ना.” खोटं! व्हरांड्यातल्या बाकावर बसून तक्ता भरायला वीस मिनिटं पुरायची, आणि हे तास लावायचे. कारण ते लिहीत असायचे तेव्हा बाई समोर पाकळ्या निवडत बोलत असायच्या. पुदिन्यावर कुठली कीड आली होती, बोका कुणाच्या दुधात तोंड घालून आला, टाचेचं दुखणं कसं वरवर सरकतंय. भिंगसाहेब मान वर न करता “हं” म्हणायचे. एवढंच त्यांचं बोलणं. पण ते “हं” सुद्धा वर्षभरात दुसऱ्या कुणाला मिळायचं नाही.

बाईंचं एक पालुपद असायचं. “साहेब, तुमचा हा शिक्का आहे म्हणून मी इथे आहे बरं का. मुलगा सारखा मागे लागतो, आई, चल, आई, चल. वाईट नाही हो पोरगा. पण सहाव्या मजल्यावर राहतो, बाल्कनीत कपडे वाळत घालायला जागा नाही तर मी काय लावू तिथे? त्याने विषय काढला की मी सांगते, माझ्या मालाला सरकारी शिक्का आहे, दर वर्षी साहेब येतात, असं बंद करून कसं येता येईल? मग गप्प बसतो. शिक्का गेला की मी गेले समजा.” हे त्या हसत सांगायच्या, पण टेबलावरचा हात तेवढ्यापुरता थांबायचा.

मागच्या वर्षीची गोष्ट. भिंगसाहेब बाकावर बसून लिहीत होते आणि तांबड्या मुंग्यांनी त्यांचा घोटा फोडून काढला. हे “हं”सुद्धा म्हणाले नाहीत. बाईंनी खाली बघितलं तेव्हा पाय टम्म सुजलेला.

“अगं बाई! आणि तुम्ही गप्प बसलात? थांबा, कोरफडीचा गर आणते, आत्ता उतरेल.”

“नको. नियमात बसत नाही.”

“कोरफड म्हणजे लाच का हो साहेब?”

“बागेतला माल आहे.”

“अहो, एवढासा तुकडा! कापते, लावते, झालं.”

“नको म्हटलं ना बाई.”

आणि एका पायात बूट, दुसरा बूट हातात, असे ते थांब्यापर्यंत लंगडत गेले. बाई फाटकात उभ्या राहून बघत होत्या. त्यांना हसू येत होतं आणि त्या माणसाची कीवही येत होती.

या वर्षी भिंगसाहेब आले तेव्हा फाटक आधीच उघडं होतं. व्हरांडा झाडलेला, बाक पुसलेला. तपासणी झाली. माती ठीक. खताचा खड्डा ठीक. माळ्यावरच्या चौकटी ठीक. मालाची वही उघडली तर गेल्या तपासणीपासूनची पानं कोरी.

“कारखाना माल उचलत नाही का?”

“बंद पडला की तो. तुम्हाला नाही माहीत?” बाई टेबलावरच्या पाकळ्या उगाच सारख्या करत म्हणाल्या. “आता शेजारीपाजारी देते. उरतं ते खतात.”

“मग शिक्का कशाला चालू ठेवलात?”

“असू दे हो. शिक्का असला की बरं असतं.”

आता एवढं सांगितल्यावर तुमच्या-माझ्या ध्यानात आलं असतं. पण भिंगसाहेबांनी रकान्यात लिहिलं, ‘विक्री : नाही’, आणि पुढे गेले. सगळं पान निर्मळ. सहीपुरती जागा उरली. ते बाकावर टेकले, पाय जरा जपूनच खाली ठेवले, आणि तेव्हा त्यांना ती रेघ दिसली.

पांढरी, बोटभर रुंद. बाकाच्या चारी पायांभोवती गोल, तिथून भिंतीच्या चिरेपर्यंत आणि चिरेच्या कडेने थेट टेबलाखाली. चुना नव्हे, पीठ नव्हे. भिंगसाहेब गुडघ्यांवर बसले, भिंग लावलं.

“बाई, हे काय आहे?”

“दिसलं का!” बाईंचा चेहरा एकदम फुलला. “तुम्हाला म्हणणारच होते. परवाच टाकली. तुम्ही यायच्या आधी दोन दिवस. मुंग्यांची पावडर हो! नाक्यावरच्या दुकानदाराला म्हटलं, जालीम असेल ती दे, आमच्या साहेबांचा पाय मागच्या वर्षी केवढा सुजला होता. बघा, एक तरी मुंगी आहे का?”

एकही नव्हती.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाईंच्या मनात पापाचा लवलेश नव्हता. बागेत औषध मारायचं नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण व्हरांडा म्हणजे काही बाग नव्हे! व्हरांडा म्हणजे घर, आणि घरात पाहुणा येणार म्हटल्यावर माणूस मुंग्या घालवतोच की.

“डबा बघू,” भिंगसाहेब म्हणाले.

बाईंनी कौतुकाने डबा आणून दिला. कोठीतून आणला, वाळलेल्या पाकळ्यांच्या पिशवीशेजारून. भिंगसाहेबांनी मागची अक्षरं वाचली. या वेळी मोठ्याने नाही. एकदा वाचली, पुन्हा वाचली. त्यांनी बाईंच्या हातांकडे बघितलं. उजव्या बोटांच्या पेरांना पांढरं लागलेलं होतं आणि त्याच बोटांनी त्या पुन्हा पाकळ्या निवडायला लागल्या होत्या.

“हात धुवा आधी,” ते म्हणाले. “साध्या पाण्याने, भरपूर.”

बाई हात धुऊन आल्या तेव्हा भिंगसाहेब तक्ता मांडीवर घेऊन बसले होते आणि लिहीत नव्हते. बाई खुळ्या नव्हत्या. त्यांनी तक्त्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, आणि खुर्ची ओढून बसल्या.

“चुकलं का काही माझं?”

“कुंपणाच्या आत नको असलेला पदार्थ. कोठीत साठवण. माल निवडायच्या जागी वापर.” हे त्यांनी पाठ केलेलं म्हणावं तसं म्हटलं. मग म्हणाले, “शिक्का तीन वर्षं रद्द होतो.”

“तीन वर्षं!” बाई हसल्या. “तीन वर्षांनी मी कुठे असेन, साहेब, ते तुमच्या कुठल्या रकान्यात बसतं?”

चौपन्न वर्षांत भिंगसाहेबांसाठी कुणी, ते यायच्या दोन दिवस आधी, वाकून बाकाखाली काही पसरलं नव्हतं. त्यांचा पाय सुजला होता हे बहिणीलाही माहीत नव्हतं. आणि ही बाई दुकानात जाऊन ‘आमचे साहेब’ म्हणून आली होती. लिहू नये असं त्यांना वाटलं, अगदी मनापासून वाटलं. फडक्याने पुसून टाकायची रेघ, डबा बाहेर फेकायला सांगायचा, कोण विचारतंय? पण बाईंची ती पांढरी बोटं आणि टेबलावरच्या पाकळ्या समोर होत्या. आईचे हात आठवले आणि पेन चालू लागलं.

“लिहायलाच हवं का?”

“हो.”

“मग लिहा बाई, लिहा.” त्या स्वतःलाच म्हणाल्यासारखं म्हणाल्या. गयावया केली नाही, रडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडणाची साहेबांना सवय होती. तक्ता पुढे केला तिथे सही केली, चष्मा काढून पुसला.

“पण पाय बरा झाला होता ना तुमचा?”

“आठवडा लागला,” भिंगसाहेब म्हणाले. नऊ वर्षांत त्यांनी स्वतःबद्दल बाईंना सांगितलेली ही पहिली गोष्ट.

तक्ता त्याच संध्याकाळी कचेरीत जमा झाला. शिळा कागद भिंगसाहेबांना चालायचा नाही. आठवड्याने मोठ्या साहेबांनी त्यांना बोलावलं. मोठे साहेब म्हणजे अंगाने आणि आवाजाने दोन्हीकडून मोठे. सत्तावीस नंबरचा कागद त्यांच्यापुढे होता.

“अहो भिंगसाहेब, मुंग्यांची पावडर? व्हरांड्यात? त्यासाठी तीन वर्षं?”

“नियम आहे.”

“नियम मला नका शिकवू. तक्त्याच्या मागच्या बाजूला काय आहे, वाचा जरा.”

मागच्या बाजूला, अगदी तळाशी, एक रकाना होता. ‘किरकोळ त्रुटी. महिन्याच्या आत दुरुस्त करून घेणे.’ रकाना पहिल्यापासून होता. बाकीचे तपासनीस पेरू, मध, गुलाबपाण्याच्या बदल्यात तो सदान्‌कदा वापरायचे, म्हणून भिंगसाहेबांनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी ठरवलं होतं की या चोरवाटेकडे बघायचंसुद्धा नाही. आणि खरंच बघितलं नव्हतं. बावीस वर्षं न बघता बघता तो रकाना आहे हेच ते विसरले होते. जगाची बारीक अक्षरं भिंगातून वाचणारा माणूस, आणि स्वतःच्या तक्त्याची पाठ त्याने उलटून पाहिली नाही! रेघ पुसायची, टेबल धुवायचं, त्या दिवशीच्या पाकळ्या टाकून द्यायच्या, महिन्याने पुन्हा जाऊन बघायचं. एवढंच होतं. बाकीच्या पाकळ्याही वाचल्या असत्या, बाईही.

“आता बदलता येईल?”

“पत्रं केव्हाच गेली. एक बाईंना, एक त्यांच्या मुलाला. अर्जात सहमालक म्हणून त्याची सही आहे.” मोठ्या साहेबांचा आवाज खाली आला. “तीस दिवसांत अपील करता येतं. पण ते बाईंनी करायला हवं. आपण कसं करणार?”

भिंगसाहेबांनी अपिलाचा अर्ज घेतला. जागेवर बसून सुवाच्य अक्षरात सगळा भरला, फक्त सहीची जागा मोकळी ठेवली. मग रजेचा अर्ज लिहिला. कारकून तो हातात धरून दोनदा वाचत राहिला, कारण त्या माणसाची रजा त्याने आजवर पाहिलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसने ते निघाले. बरोबर ना तक्ता, ना डबा. रिकाम्या हातांनी कुणाच्या घरी जायचं म्हणजे त्यांना चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. वाटेत एका दुकानापुढे ते थांबले, काहीतरी न्यावं म्हणून. पण बाईंना काय आवडतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. नऊ वर्षं ऐकलं होतं ते कीड, बोका आणि टाच. तसेच पुढे गेले.

फाटकासमोर टेम्पो उभा होता. अर्धा भरलेला. जाळीच्या चौकटी दोरीने बांधून भिंतीला टेकवल्या होत्या. पंचेचाळिशीचा एक माणूस खोक्यावर चिकटपट्टी मारत होता, तो उठून पुढे आला.

“आपण?”

“तपासणी कार्यालयातून.”

“म्हणजे... साहेब तुम्हीच?” त्याने हात पुसले आणि भिंगसाहेबांचा हात दोन्ही हातांत धरला. “मी मुलगा त्यांचा. साहेब, तुमचे फार उपकार झाले. सात वर्षं आईच्या विनवण्या करतोय. इथे एकटी असते, माळ्यावर शिडी लावून चढते, पडली तर कळायचंसुद्धा नाही कुणाला. रात्री झोप लागत नाही हो मला. पण काही बोललं की शिक्का! तुमचं पत्र आलं आणि म्हटलं, आता बोल. गप्प बसली. तुमच्या एका कागदाने काम केलं बघा.”

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. भिंगसाहेबांना आपला हात सोडवून घेता येईना.

आवाज ऐकून बाई बाहेर आल्या. बाहेरगावी जायची साडी, पायात मोजे. भिंगसाहेबांना बघून त्या दारातच थबकल्या.

“अगं बाई, साहेब! आज कशी तपासणी?”

“तपासणी नाही.” भिंगसाहेबांनी खिशातून अर्ज काढला. “माझी चूक झाली, बाई. त्यासाठी वेगळा रकाना होता, मी तो बघितला नाही. अपील करता येतं. मी भरून आणलाय. तुम्ही इथे सही केलीत की शिक्का परत मिळू शकतो.”

चिकटपट्टीचा आवाज थांबला. मुलगा एकदा आईकडे, एकदा त्या कागदाकडे बघू लागला. “साहेब, आता कशाला...” असं काहीतरी तो पुटपुटला, पण आईने हाताने त्याला गप्प केलं. बाईंनी चष्मा लावला. अर्ज घेतला, सावकाश वरपासून खालपर्यंत वाचला. तोंडावर हळूहळू रंग आला. टेम्पोचा ड्रायव्हर मागे शीळ घालत होता. भिंगसाहेबांना वाटलं, झालं, करतात सही. त्यांनी पेनाचं टोपण काढून पेन पुढे धरलं.

बाईंनी पेन घेतलं. टेकवण्याआधी त्यांनी मान वर केली.

“अपील केलं की तपासायला तुम्हीच येणार ना?”

भिंगसाहेब खोटं बोलले असते तर आभाळ कोसळलं नसतं. नुसतं “हो” म्हणायचं होतं. पण ज्याने जन्मात सवय केली नाही त्याच्या तोंडातून ऐन वेळी ते कुठून येणार?

“नाही,” ते म्हणाले. “ज्याने रद्द केलं त्याला पुन्हा जाता येत नाही. यापुढे दुसरा माणूस येईल. नियम आहे.”

“कायमचा दुसरा?”

“कायमचा.”

बाईंनी पेनाला टोपण लावलं, अर्जाची घडी केली आणि दोन्ही भिंगसाहेबांच्या हातात ठेवलं.

“मग राहू दे,” त्या म्हणाल्या. “कोण तो दुसरा, त्याला माझ्या टाचेचं पहिल्यापासून कोण सांगत बसणार?” आणि मुलाकडे वळून म्हणाल्या, “अरे, साहेबांना खुर्ची दे. गाडीत चढवली असशील तर उतरव.”

“नको, नको,” भिंगसाहेब म्हणाले. “तुम्हाला निघायचं आहे. माझी बस आहे.”

बस अजून पाऊण तासाने होती. तो पाऊण तास त्यांनी शेवटच्या थांब्यावर उभ्याने काढला. त्यांच्यासमोरूनच टेम्पो गेला. बाई पुढच्या सीटवर मुलगा आणि ड्रायव्हर यांच्या मध्ये बसल्या होत्या आणि सरळ समोर बघत होत्या. भिंगसाहेबांनी हात वर केला, तो त्यांना दिसला नसावा.

बस आली. खिडकीपाशी बसून भिंगसाहेबांनी मांडीवरचा अर्ज उघडला आणि सहीची कोरी जागा बघत राहिले. बसने दोन थांबे मागे टाकले, आणि मग त्यांच्या मनात ते वाक्य आलं. ‘तपासायला दुसरा येऊ दे, बाई, मी आपला असाच येत जाईन.’ असं म्हणता आलं असतं. त्याला कुठलाच नियम आडवा येत नव्हता. त्यांनी ते ओठांतल्या ओठांत दोन-तीनदा म्हणून पाहिलं. अवघड नव्हतं. शेजारी बसलेली बाई चमकून त्यांच्याकडे बघू लागली, तेव्हा ते गप्प बसले, आणि खिडकीकडे तोंड करून रडले.